मुलांना रहदारीच्या रस्त्यावर सायकल कशी शिकवावी? (आणि कधी सोडावं?)

निर्गुडी
मंडळी सल्ला हवाय. लेक नऊ वर्षांचा आहे. सायकल मस्त येते, म्हणजे मैदानात आणि घरामागच्या गल्लीत भुर्रकन फिरतो, मधेच दोन्ही हात सोडून दाखवतो आणि माझी बोलणी खातो. आता त्याला मोठ्या रस्त्याने क्लासला जायचंय कारण मित्र जातात. मी मोडता घालतेय. नवरा म्हणतो सायकल येते ना, मग रस्त्यावर गेल्याशिवाय कसा शिकणार. मला त्याचंही पटतं आणि माझंही, म्हणून धागा काढला. नेमकं शिकवायचं काय आणि कुठल्या क्रमाने? 'जपून जा'च्या पलीकडचं सांगा प्लीज, ते मी रोजच म्हणते.

बंड्याचा_बाप
आम्हाला कुणी शिकवलं होतं? मोठ्या माणसाची सायकल, सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायचो, गुडघे फुटले, शिकलो. आजकाल श्वास घ्यायचे पण क्लास निघालेत. सोडा त्याला, शिकेल बरोबर.

झिपरी
@बंड्याचा बाप, तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि किती वेगाने जायच्या तेही लिहा की. गुडघे फुटायची भीती इथे कुणालाच नाहीये.

सायकलवेडा
निर्गुडी, नवरोबांना सांगा 'सायकल येते' आणि 'रस्त्यावर चालवता येते' यात बरंच अंतर आहे. मी सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवतो त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

रस्त्यावर न्यायच्या आधी मी सगळ्यात पहिल्यांदा हे बघतो की सरळ चालवता चालवता खांद्यावरून मागे वळून बघता येतं का. बहुतेक मुलांना येत नाही. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल त्याच बाजूला जातं आणि सायकल रहदारीत शिरते. म्हणजे मागून गाडी येतेय का बघायला वळला आणि त्या वळण्यापायीच गाडीच्या पुढ्यात गेला. मैदानात खडूने लांब रेघ मारा, त्यावरून चालवायला सांगा, तुम्ही मागे उभ्या राहून बोटं वर करा आणि किती बोटं ते त्याने वळून बघून ओरडून सांगायचं, रेघ न सोडता. नुसतं 'मागे बघ' म्हटलं की पोरं मान हलवतात, बघत काहीच नाहीत, म्हणून ही बोटं.

दुसरं एक हात सोडून. दोन्ही हात सोडून चालवण्याचा रस्त्यावर काडीचा उपयोग नाही, एक हात सोडून हात दाखवायचा, तेवढा वेळ सायकल सरळ ठेवायची आणि वळायच्या आधी हात परत ब्रेकवर आणायचा, हे जमलं पाहिजे. हात दाखवत दाखवत वळायचं नाही हे विसरू नका, वळताना दोन्ही हात हँडलवर.

तिसरं ब्रेक. कुठली लिव्हर पुढच्या चाकाची आणि कुठली मागच्या, हे मुलाला विचारा. चालवायला येणाऱ्या मुलांनासुद्धा सांगता येत नाही, आणि देशादेशात उलटसुलट असतं त्यामुळे तुमच्या सायकलवर बघूनच सांगा. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं म्हणून खरी थांबवायची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकटा करकचून दाबला तर कोलांटी. नुसता मागचा दाबला तर चाक घासत जातं आणि सायकल लवकर थांबत नाही. दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत. आणि नुसतं थांबणं नाही, मी दाखवलेल्या रेघेवर थांबणं.

हे तिन्ही बोलता बोलता जमायला लागलं, म्हणजे त्यात डोकं गुंतून राहत नाही, तेव्हा रस्ता. कारण रस्त्यावर डोकं दुसऱ्या कामाला लागतं.

कोरा_कागद
मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

झिपरी
+१ सायकलवेडा. ब्रेकवरून आठवलं, लहान हाताला लिव्हर लांब पडते का ते बघा. बऱ्याच सायकलींना लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. पोराला ब्रेक दाबायला पंजा उचलून पुढे सरकवावा लागत असेल तर तो वेळेत ब्रेक लावूच शकत नाही, मग तुम्ही कितीही शिकवा. आणि 'वाढत्या अंगाची' सायकल घेऊ नका हो. कपड्यांचं ठीक आहे, सायकलचं नाही. शिकताना सीट इतकं खाली की दोन्ही पाय टेकतील, मग सराव झाला की थोडं वर, चवडे टेकतील इतपत. उगाच उंच सायकलवर पोर चौकात थांबायलाच घाबरतं, आणि जे थांबायला घाबरतं ते न थांबता घुसतं.

हेल्मेट: भुवईच्या वर दोन बोटं, कानाभोवतीचे पट्टे कानाच्या खाली इंग्रजी व्ही सारखे, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढंच सैल. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळाला काही कामाचं नाही. एकदा जोरात आपटलं की बदलायचं, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून काम करतो, बाहेरून धड दिसलं तरी.

अक्कलकाढा
काडी टाकतो. सगळा भार पोरावर का? नऊ वर्षांच्या मुलाने मान वळवायची, हात दाखवायचा, ब्रेक दाबायचा, हेल्मेट घालायचं, आणि गाडीवाल्याने काय करायचं? त्याच्या गाडीचा वेग कमी करा की.

आणि हे हवेत बोलत नाहीये. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमध्ये २०११ साली एक अभ्यास झाला होता, प्राथमिक शाळेतल्या वयाच्या मुलांना समोरून येणारी गाडी जवळ येतेय की नाही हे कितपत कळतं यावर. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वेग गेला की मुलांना ते भरवशाने ओळखता येत नव्हतं, मोठ्यांना येत होतं. कारण असं की गाडी जवळ येताना डोळ्याला ती मोठी मोठी होताना दिसते, त्यावरून आपण अंदाज बांधतो. पाच सेकंदांवर असलेली वेगवान गाडी ही पाच सेकंदांवरच्या हळू गाडीपेक्षा लांब असते, म्हणून लहान दिसते आणि फुगतेही हळू. मुलांचे डोळे-मेंदू अजून तेवढे तयार नसतात. त्यांना ती उभी असल्यासारखी वाटू शकते. याला तुम्ही खडूच्या रेघेवर काय शिकवणार?

बंड्याचा_बाप
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सायकलवेडा
अक्कलकाढा, मुद्दा शंभर टक्के मान्य आणि वेग कमी व्हायलाच हवा. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात लोक रस्त्यावर उतरले होते, आंदोलनाचं नावच 'मुलांचे खून थांबवा' असं होतं, आणि आज तिथे सायकलींचे रस्ते दिसतात त्यामागे त्या आयाबापांचा मोठा वाटा आहे. पण त्याच देशात आजही प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची रहदारीची परीक्षा असते, लेखी आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष सायकलवरची पण. एवढे चांगले रस्ते करूनही शिकवणं त्यांनी सोडलेलं नाही. तेव्हा हे की ते असा वाद नकोच.

तुमच्या अभ्यासाला जोड देतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पडद्यावरचा खोटा रस्ता आणि खरी सायकल अशी व्यवस्था करून मुलांना वाहत्या रहदारीतून रस्ता ओलांडायला लावलं होतं, २००४ च्या सुमाराचं काम. १० आणि १२ वर्षांच्या मुलांनी दोन गाड्यांमधली फट मोठ्या माणसांएवढीच निवडली. म्हणजे फट निवडण्यात फार चूक नव्हती. पण निघायला त्यांना जास्त वेळ लागला, आणि पलीकडे पोचेपर्यंत मागच्या गाडीशी अंतर मोठ्यांपेक्षा बरंच कमी उरलं. हे मी रोज डोळ्याने बघतो. मूल 'जाऊ का, जाऊ का' करतं, मग ठरवतं, मग पायडल शोधतं, आणि तोवर फट गेलेली असते, पण ठरवलेलं असतं म्हणून निघतं.

आता याला शिकवणं आहे! थांबताना एक पायडल वर घेऊन ठेवायचं, म्हणजे निघताना पहिल्याच दाबाला सायकल उचलते. आणि नियम असा की मनात 'जाऊ का' हा प्रश्न आला की उत्तर 'नाही', पुढची फट घ्यायची. ५० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर येते. पायडल शोधण्यात दोन सेकंद घालवले तर २८ मीटर गेले. हे मुलांना मैदानात पावलं टाकून दाखवा, नुसते आकडे सांगून डोळे मोठे होत नाहीत.

अक्कलकाढा
पायडलचं आवडलं. बाकी मतावर ठाम आहे 🙂

चांदणशेला
माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे आणि एकटी जाते, म्हणून थोडं लिहिते. आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे बडबड. ती पुढे, मी मागे, आणि तिने दिसेल ते मोठ्याने बोलायचं. 'पुढे गाडी उभी आहे, आत माणूस बसलाय, दार उघडेल. गेटमधून कोणीतरी येतंय. तो आजोबा फोनवर बोलतोय, खाली उतरेल.' सुरुवातीला ती फक्त खड्डे सांगायची. मग कळलं की लहान मुलं समोरच्या चाकाच्या दोन हातांपुढे बघतच नाहीत! मी मागून 'त्याच्या पुढे काय, त्याच्या पुढे काय' असं विचारत राहिले, हळूहळू नजर लांब गेली. ही बडबड ऐकली की तुम्हाला तिच्या डोक्यात काय दिसतंय आणि काय दिसतच नाहीये ते कळतं. 'जपून जा' म्हणून ते कधीच कळत नाही.

उभ्या गाड्यांचं तर फारच. मुलं त्यांना चिकटून चालवतात कारण कडेला सुरक्षित वाटतं. उघडलेलं दार साधारण एक मीटर बाहेर येतं, तेवढी जागा सोडूनच जायचं, आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधे रिकामी जागा दिसली की आत शिरायचं नाही, सरळच जायचं. आत-बाहेर करणारी सायकल मागच्या ड्रायव्हरला दिसेनाशी होते आणि मग एकदम समोर उगवते.

निर्गुडी
बाप रे किती छान लिहिताय सगळे. पायडलवाला मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, तो गप्प झाला ;)

एक शंका. चांदणशेला म्हणतेय ती मुलीच्या मागे. मला वाटलं होतं मी पुढे आणि तो माझ्या मागे, म्हणजे माझं बघून करेल. बरोबर काय?

सायकलवेडा
मूल पुढे. तुम्ही मागे आणि किंचित रहदारीच्या बाजूला, म्हणजे मागून येणारी गाडी तुम्हाला वळसा घालून जाते आणि आपोआप मुलालाही जागा मिळते. (मी डावीकडे-उजवीकडे लिहीत नाहीये कारण गाड्या डावीकडून चालतात त्या आणि उजवीकडून चालतात त्या, दोन्ही देशांतले लोक इथे वाचतात. कडेची बाजू आणि रहदारीची बाजू एवढंच म्हणतो.) तुम्ही पुढे असलात की तुम्हाला तो दिसत नाही, आणि तो फक्त तुमचं मागचं चाक बघतो, रस्ता बघतच नाही. शिवाय तुम्ही चौकातून निसटलात आणि तो अडकला की तो तुम्हाला गाठायला काहीही करेल. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे एक मागे, उत्तम.

पण चौकाजवळ तुम्ही बाजूला या. आणि सुरुवातीला निर्णय तुमचा, मोठ्याने बोलून. 'ती गाडी जाऊ दे, आता नाही, आता नाही, चल.' मग त्याने बोलायचं, तुम्ही फक्त हो-नाही. मग तुम्ही गप्प. हा गप्प राहण्याचा टप्पा पालकांना सगळ्यात अवघड जातो, मुलाला नाही.

तिरपागडा
एवढं करण्यापेक्षा फुटपाथवरून जाऊ दे की सरळ. जर्मनीत कायदाच आहे, आठ वर्षांपर्यंत मुलांनी फुटपाथवरून (किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल ट्रॅकवरून) चालवायची आणि दहापर्यंत चालवली तरी चालते. २०१६ पासून लहान मुलाबरोबर देखरेखीला असलेल्या मोठ्या माणसालाही सायकल फुटपाथवर घेता येते.

झिपरी
तिरपागडा, त्याच नियमात पुढे असंही आहे ना की रस्ता ओलांडायच्या आधी उतरायचं. फुटपाथवर मागून गाडी येत नाही हे खरं, पण प्रत्येक गेट हा एक चौक असतो. गेटमधून उलट्या बाहेर येणाऱ्या गाडीला चालणारा माणूस अपेक्षित असतो, त्याच्या तिप्पट वेगाने येणारी सायकल नाही. फुटपाथवर चालवायचीच तर चालण्याच्या वेगाने, प्रत्येक गेटपाशी ब्रेकवर बोटं, चालणाऱ्याला आधी वाट. आणि तुमच्या भागात फुटपाथवर सायकल चालते का तो नियम आधी बघा.

आणि तसंही नऊ वर्षांच्या मुलाला कधीतरी खाली उतरावंच लागणार. घराच्या गेटमधून थेट रस्त्यावर सुसाट येणं ही लहान मुलांची ठरलेली सवय. त्यासाठी आमच्याकडे नियम आहे, गेटपाशी एक पाय जमिनीला टेकल्याशिवाय बाहेर पडायचंच नाही. हळू करून चालणार नाही, पाय टेकलाच पाहिजे. बापालाही हाच नियम.

पायडलमारू
उशिरा येतोय धाग्यावर. ट्रकबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मला विचाराल तर मुलांना पहिला धडा तोच द्यायला हवा. सिग्नलला मोठी गाडी उभी आहे, तिच्या आणि कडेच्या मधे पट्टी मोकळी दिसते, मुलं सरळ त्यातून पुढे सरकतात. तिथे ड्रायव्हरला काहीच दिसत नाही, आरशातही नाही. आणि मोठी गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आत कापत येतात, ती मोकळी पट्टी खाऊन टाकतात. मोठ्यांनाही हे माहीत नसतं.

उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरला विनंती करून, इंजिन बंद असताना, मुलाला केबिनमध्ये बसवा आणि स्वतः त्या कडेला उभे राहा. 'आई दिसते का?' विचारा. याहून चांगला धडा नाही. नियम साधा: मोठ्या गाडीच्या मागे थांबायचं, बाजूला कधीच नाही. ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस. (चेहरा दिसला म्हणजे त्याने बघितलंच असं पण नाही, हेही सांगा.)

कोरा_कागद
हे ट्रकचं वाचून काटा आला. मी स्वतः रोज त्या पट्टीतून पुढे जातो.

चांदणशेला
पाऊस आणि संध्याकाळ राहिलं. ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, त्यात रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यातच जातात, म्हणून आधीपासून हलके दाबत राहायचं. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं, पडलेली पानं यावर ना ब्रेक ना वळण, सरळ पार व्हायचं. रूळ आडवे काटकोनात ओलांडायचे, तिरकं गेलं की चाक अडकतं. अंधारात पुढे पांढरा मागे लाल दिवा. मुलांना वाटतं दिवा आपल्याला दिसायला, तो आपण दिसायला असतो. दप्तर पाठीवर किंवा कॅरिअरला बांधून, हँडलला लटकवलेली पिशवी कधी चाकात जाईल सांगता येत नाही. बुटाच्या नाड्या पण.

आणि कानात काही नको! एका कानातही नको. मागची गाडी आधी ऐकू येते मग दिसते. मात्र आता बऱ्याच विजेवरच्या गाड्या हळू असताना फारसा आवाज करत नाहीत, तेव्हा ऐकू आलं नाही म्हणजे मागे काही नाही असं समजायचं नाही, वळूनच बघायचं. म्हणजे परत सायकलवेडांच्या खडूवर आलो.

बंड्याचा_बाप
पॉपकॉर्न संपलं. एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, हे सगळं शिकवलं तरी वय काय? आमचा बंड्या आठ.

सायकलवेडा
अहो बाप, आलात लायनीवर 😀

नेमकं वय कोणीच सांगू शकत नाही, मूल आणि रस्ता दोन्ही बघावं लागतं. इंग्लंडमध्ये २००७ पासून 'बायकेबिलिटी' नावाने शाळांमधून शिकवतात, त्यात तीन पातळ्या आहेत. पहिली मैदानात, दुसरी कमी रहदारीच्या खऱ्या रस्त्यावर आणि तिसरी जास्त गर्दीच्या, गुंतागुंतीच्या रस्त्यांवर. दुसरी पातळी साधारण नऊ ते अकराच्या मुलांना देतात आणि तीही शिक्षक बरोबर असताना, तिसरी त्याहून मोठ्यांना. यावरून अंदाज घ्या. आठ वर्षांच्या बंड्याला मैदान आणि तुमच्याबरोबर शांत गल्ली. एकटं सोडायचं ते आख्ख्या गावात नाही, एका ठरलेल्या रस्त्यावर सोडायचं. माझ्याकडच्या काही दहा वर्षांच्या मुलांना मी एकटं सोडायला हो म्हणेन आणि काही तेरा वर्षांच्यांना म्हणणार नाही. मित्र बरोबर असले तर मुलाच्या वयातून आणखी दोन वर्षं वजा करा, एकटा नीट चालवणारा मुलगा चौघांत गेला की शर्यत लावतो.

निर्गुडी
मित्र!! तेच तर. क्लासला चौघं मिळूनच जाणार.

आणि शेवटचा प्रश्न, मग पिडत नाही. क्लासच्या वाटेवर एक मोठा चौक आहे, तिथे रहदारी ओलांडून पलीकडे वळायचंय, म्हणजे आधी मधल्या लेनमध्ये यायचं, मग समोरच्या गाड्या जाऊ द्यायच्या वगैरे. मला स्वतःला गाडी चालवताना तिथे घाम फुटतो. हे नऊ वर्षांच्या मुलाला कसं शिकवू?

सायकलवेडा
नका शिकवू. आत्ता तरी नाही. मधे येऊन वळणं हे मी तिसऱ्या पातळीत धरतो. त्याने कडेने सरळ चौक पार करायचा किंवा चौकाआधीच उतरायचं, झेब्रावरून सायकल हाताने ढकलत एक बाजू ओलांडायची, मग दुसरी, आणि पलीकडे परत बसायचं. दोन सिग्नल लागतील, दोन-तीन मिनिटं जास्त. मोठे सायकलवालेसुद्धा वाईट चौकात हेच करतात, त्यात कमीपणा नाही, आणि हे मुलासमोर तुम्ही स्वतः करून दाखवा नाहीतर मित्रांसमोर त्याला लाज वाटेल.

त्याआधी वाट बदलून बघा. मोटारीने जाताना जी वाट आपल्या अंगवळणी पडलेली असते तीच आपण मुलाला देतो. मागच्या गल्ल्यांनी जरा लांबून तो चौक टळतो का? एका रिकाम्या सकाळी तुम्ही दोघं सायकलवर निघा आणि वाट त्याला शोधू द्या.

झिपरी
आणि बाकी तिघांच्या आयांना पण हा धागा पाठव. चौघं उतरून चालले तर कुणालाच लाज नाही वाटणार.

निर्गुडी
पाठवला. एकीचं उत्तर आलं, 'आमच्याला पुढचा ब्रेकच नाहीये, तुटून किती दिवस झाले.' !!!

पायडलमारू
घ्या. आधी सायकल दुरुस्तीला, मग खडू.

बंड्याचा_बाप
बंड्याच्या सायकलचा बघून आलो. आहे, पण लिव्हर त्याच्या हातात मावत नाही. झिपरीताई, तो स्क्रू नक्की कुठे असतो?

झिपरी
लिव्हर जिथे हँडलच्या पट्टीला अडकवलेली असते तिथे आतल्या अंगाला, बारीक षटकोनी पान्याने फिरतो नाहीतर स्क्रू ड्रायव्हरने. थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकायच्या आत चाक अडकलं पाहिजे. टेकत असेल तर तार ओढून घ्यावी लागेल, ते जमत नसेल तर दुकानात न्या. दोन्ही लिव्हरना करा हो.